रॉजर आणि एक स्थानिक इसम

सुहासिनीबाई टेंबे यांच्या दुकानात पुस्तक ठेवायचं तर लेखकाला आधी त्यांच्यासमोर खुर्चीत बसावं लागतं, ही गोष्ट बदलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही लेखक येतात. दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी संध्याकाळी पाचला, मांजर्लीतल्या त्यांच्या दुकानामागच्या खोलीत पंचवीस प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. समोर बाई आणि लेखक. बाई पुस्तकावर प्रश्न विचारतात, लेखक उत्तरं देतो, मग चहा. इतकंच.

पण इतर ठिकाणच्या आणि ह्या कार्यक्रमात एक फरक आहे. बाई पुस्तक वाचून बसतात.

बाकी सगळीकडे काय चालतं ते देव बघतोच आहे. प्रमुख पाहुण्यांना पुस्तक पहिल्यांदा दिसतं ते रिबीन सोडताना. मग ते मागचं पान वाचून पाऊण तास बोलतात, शाल-श्रीफळ घेतात आणि पुस्तक रिक्षात विसरून जातात. बाई मात्र दोनदा वाचतात. पेन्सिल घेऊन, जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या पानापानांत घालून.

शेजारच्या शहरातल्या कॅम्प तीनचा एक कवी आला होता. जीन्सचा कारखाना, बोटांत तीन अंगठ्या, आणि आईवर एकशे दहा कविता. आई मागे दाराशी उभी होती, तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ह्यातल्या आईंनी किती वाचल्यात?" कवी म्हणाला, "तिला चष्मा नाही ना." "मग पुस्तकाच्या आधी चष्मा करायचा होतात," बाई म्हणाल्या आणि उठून आपली खुर्ची म्हातारीला दिली.

अंबरनाथचा एक कादंबरीकार होता. त्याच्या कादंबरीतल्या शेतकऱ्याने आषाढात, ऐन लावणीच्या दिवसांत, भात कापला होता. "कुठल्या दुकानातून आणलात हो हा भात?" बाईंनी विचारलं. त्याने अजून बाईंशी बोलणं टाकलंय. बाईंना त्याचं दुःख नाही. सकाळी दत्ताच्या तसबिरीला उदबत्ती लावताना त्या एकच मागणं मागतात, आज माझ्या तोंडून खोटी स्तुती निघू देऊ नकोस महाराजा. आतापर्यंत महाराजांनी ऐकलंय.

तर गेल्या महिन्यात पाळी आली हेमचंद्र नेन्यांची. रासायनिक कारखान्यातले निवृत्त अधिकारी, नदीकडच्या रांगेत बंगला, आणि दोनशे चाळीस पानांचं आत्मचरित्र, नाव 'वादळे मी वळविली'. मुखपृष्ठावर नेनेसाहेब हाताची घडी घालून उभे, मागे वीज कडाडतेय. आत सेवानिवृत्तीच्या समारंभाचं प्रकरण सोळा पानांचं. कोणी कुठला गुच्छ दिला हेही त्यात आहे.

पुस्तक दुकानात आलं त्या दिवशी बकुळा समोरच बसली होती. बकुळा म्हणजे दुकानासमोर भाजी विकणारी. नदीकाठच्या स्वतःच्या तुकड्यातली मेथी, मुळा, घोसाळी घेऊन ती नऊ वर्षं तिथे बसते. बाई रोज तिच्याकडून भाजी घेतात. पावसात तिचं गोणपाट दुकानाच्या छपराखाली असतं.

"ताई, ह्या सायबांचा पुस्तक ना?" बकुळा आत येऊन म्हणाली. "पुराचा हाय त्यात?"

बाईंनी चाळून पाहिलं. "आहे की. पान सत्त्याऐंशी."

"मग आमच्या यांचा नाव असंल." बकुळाने पदराने हात पुसले, पण पुस्तकाला लावले नाहीत. "यांनीच काढला ना त्यांना. गच्चीवरना. सायेब, बाईसायेब, त्यांचा कुत्रा. टरॅक्टरच्या चार ट्यूबा बांधून गेल्ते."

"काय नाव तुझ्या मालकांचं?"

बकुळा हसली, खाली बघितलं. "अभिजीतचे बाबा."

बाईंच्या लक्षात आलं. तिच्या पिढीच्या, तिच्या घरातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मालक जाऊन सहा वर्षं झाली, काविळीने गेले, तरी नाही. आणि मग बाईंच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती काही बरी नव्हती. नऊ वर्षं जिच्या हातची भाजी खाल्ली, तिच्या नवऱ्याचं नाव आपण आज पहिल्यांदा विचारतोय.

"मना वाचाला येत नाय," बकुळा म्हणाली. "तुमी बघून सांगा. नाव छापलाय एवढा कललं तरी पुरं. अभिजीतला पन सांगीन, तुझ्या बाचा नाव पुस्तकात हाय."

बाईंनी त्या दुपारी सत्त्याऐंशीपासून पंच्याण्णवपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बकुळाने विचारलं, "गावला का?" बाई म्हणाल्या, "वाचतेय अजून." तिसऱ्या दिवशीही तेच. ज्या बाईने आयुष्यात कुठल्या लेखकाची भीड ठेवली नाही, ती एका भाजीवालीपुढे दोन दिवस तोंड लपवत होती. शुक्रवारी मात्र त्या म्हणाल्या, "बकुळा, उद्या पाचला तू ये. आपण त्यांनाच विचारू."

शनिवारी नेनेसाहेब स्वतःची शाल स्वतःच घेऊन आले. बाई देत नाहीत हे त्यांना कळलं होतं. सौभाग्यवती पहिल्या रांगेत, सोसायटीची मंडळी मागे, आणि शेवटच्या खुर्चीवर, अगदी कडेला, धुतलेलं लुगडं नेसून बकुळा. नेन्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुढे गेली. ओळख पटली नाही म्हणावं, तर आधी कधीतरी ओळख असावी लागते.

पहिला अर्धा तास गुच्छांवर गेला. मग बाईंनी कॅलेंडरची पट्टी काढली.

"पान सत्त्याऐंशी, साहेब. पुराची सकाळ."

"हां! ते प्रकरण लोकांना फार आवडतं."

"कोणाला?"

"म्हणजे... आमच्या मिसेसना."

"तुम्ही लिहिलंय, 'मी क्षणाचाही विलंब न लावता निर्णय घेतला.' काय निर्णय घेतलात?"

"वर जायचा."

"गच्चीवर?"

"अर्थात. पाणी खिडकीला लागलं होतं, मॅडम."

"हो, माझ्या दुकानातही होतं. मी शाळेची पुस्तकं वाचवत होते, निर्णय घ्यायला सवड नव्हती. बरं, गच्चीवरून खाली कसे आलात?"

"आहे की त्यात. एक स्थानिक इसम तराफा घेऊन आला."

"बरोबर. 'एक स्थानिक इसम.' आणि रॉजर?"

नेन्यांचा चेहरा फुलला. "आमचा लॅब्रॅडॉर! काय गुणी जनावर होतं—"

"माहितीय. ह्या नऊ पानांत रॉजरचं नाव अकरा वेळा आलंय. रॉजर थरथरला. रॉजरने माझ्याकडे पाहिलं. रॉजर पाण्याला घाबरला म्हणून त्या इसमाने त्याला डोक्यावर घेतलं आणि छातीभर पाण्यातून नेलं. तीस किलोचं कुत्रं, साहेब. ज्याच्या डोक्यावर बसला त्याचं नाव काय?"

"आता त्या गडबडीत नाव कुठे विचारत बसणार?"

"गडबडीत नको. पाणी ओसरल्यावर?"

"आम्ही दिवाळीला मिठाई दिली होती त्यांना. दोन वर्षं!"

"देताना हाक काय मारलीत?"

नेन्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. त्यांच्या मदतीला पहिल्या रांगेतून मिसेस धावल्या. "अहो, म्हशीवाला म्हणायचो ना आपण! ए म्हशीवाला!"

खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कोणीच हसलं नाही.

"ठीक आहे, दुसऱ्या आवृत्तीत घालू नाव," नेने म्हणाले.

"पहिलीच्या किती प्रती छापल्यात?"

"तीनशे."

"घरात किती आहेत?"

"दोनशे... ऐंशी. मॅडम, ह्याचा काय संबंध?"

"दुसरी आवृत्ती कधी येईल त्याचा हिशेब काढत होते."

नेन्यांचे कान लाल झाले. पण माणूस अधिकारी होता, चारचौघांत हरायची सवय नव्हती. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, समोरच्या प्रतीचं सत्त्याऐंशीवं पान काढलं. "आत्ताच घालतो. ह्याच प्रतीत, माझ्या हस्ताक्षरात. तेवढी दानत आहे आमच्यात. सांगा, काय नाव?"

कोण सांगणार? सोसायटीच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या चार घरांना त्याच तराफ्याने बाहेर काढलं होतं. सगळ्यांना म्हशीवाला आठवत होता, नाव एकालाही नाही. आणि हा प्रश्न ज्यांनी इतका ताठ मानेने विचारला, त्या सुहासिनीबाईंनाही नाही. त्यांनी मागे पाहिलं.

बकुळा उभी राहिली होती. एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. लग्नात मांडवातल्या बायकांनी अडवून धरलं तेव्हा एकदा तिने ते नाव घेतलं होतं. त्यानंतर घरात नाही, शेतात नाही, इस्पितळातल्या कागदासाठीही पोराने सांगितलं होतं. तिने आधी डोळे मिटले. ओठ हलले, ते देवाशी बोलणं असावं. मग डोक्यावरचा पदर नीट केला.

"दौलतराव गोविंद भोईर," ती म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. समोरच्या रस्त्यावर ऐकू जावं इतक्या मोठ्याने. आणि पुन्हा एकदा म्हणाली, जणू पहिल्यांदा नीट झालं नव्हतं. "दौलतराव गोविंद भोईर."

"दौलत... राव..." नेने लिहायला लागले.

"लिवू नका, सायेब."

पेन थांबलं. "का हो? आता लिहितोय तर..."

"कुत्र्याचे वर लिवनार का खाली?"

नेन्यांनी पानाकडे पाहिलं. खरोखरच जागा शोधत असल्यासारखे पाहत राहिले. दोन ओळींच्या मध्ये एवढीशी फट होती.

"मना वाटला व्हता तुमी नाव छापलाय," बकुळा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच नेन्यांना जास्त लागलं असावं. "पन तुमाना म्हायतच नव्हता. तर जे छापलाय ताच खरा हाय. इसम. तसाच ऱ्हाऊंद्या. लोकांना कलू दे. नाव मी सांगितला, सगल्यांनी आयकला. माझा काम झाला."

"अहो, पण मी मनापासून—"

"बसा, साहेब," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारायचे प्रश्न संपले."

नेने बसले. जाता येत नव्हतं, दार बकुळाच्या मागे होतं. उकाड्यात आणलेली शाल मांडीवर, हातात उघडं पेन, आणि मिसेस कानात काहीतरी पुटपुटत होत्या, "तरी मी म्हणत होते, मिठाई तिसऱ्या वर्षीही द्यायला हवी होती."

बाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी पुस्तक नसलेल्या माणसाला कधी प्रश्न विचारला नव्हता, आणि हातात पट्ट्या नसल्याने त्यांना क्षणभर सुचेना. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, नेन्यांकडे पाठ करून शेवटच्या रांगेसमोर ठेवली.

"बस, बकुळा. त्या दिवशी दौलतराव घरातून किती वाजता निघाले?"

दुसऱ्याच्या तोंडून ते नाव ऐकून बकुळा जरा दचकली. मग बसली.

"सकाली म्हशींचा दूध काढून झाला व्हता," ती म्हणाली. "पानी गोठ्यात शिरला, तवा पयल्यांदा त्यांनी म्हशींचे दावे कापले..."