तिजोरीशेजारचं कासव

जालना शहरातल्या नवीन जालना भागात सासऱ्यांचं बियाण्यांचं दुकान होतं, वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि बाजारात वास्तूचं खूळ जोरात होतं. शेजारच्या व्यापाऱ्याने सांगितलं, तिजोरीजवळ जिवंत कासव ठेवा, बरकत येते. झालं! सासऱ्यांनी औरंगाबादहून तळहाताएवढं हिरवं कासव आणलं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं. पितळी परातीत पाणी घालून त्याला दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं. गिऱ्हाइकं हात जोडायची, पाण्यात हळदकुंकू टाकायची. खायला पोळीचा चुरा. थाट देवाचा आणि हाल कुत्रं खाईना.

काही महिन्यांत त्याचे डोळे सुजून मिटले. पाठ दाबली तर मऊ लागायची. खाणंही बंद झालं. "ध्यानाला बसलंय," असं लोक म्हणायचे, की माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

मी त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत घालायला औषध दिलं आणि स्पष्टच सांगितलं, "रोज ऊन, स्वच्छ पाणी, वर चढून अंग सुकवायला दगड आणि नीट खाणं. हे जमलं नाही, तर हे जगायचं नाही."

घरी येताच मी परात उचलली.

"सूनबाई, खाली ठेव ते," सासरे कडाडले. "दुकानातून हाललं की बरकत गेली म्हून समज."

"आन् मेल्यावर राहील का बरकत, मामा?"

मी परात घेऊन जिना चढले. पुढे कितीतरी दिवस सासरे माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी सासूबाईंकडे बघून मागायचे.

गच्चीवर मी मोठ्या घमेल्यात साधं पाणी भरलं, मधे सपाट दगड ठेवला, अर्ध्या भागावर सावलीसाठी गोणपाट टाकलं. पाणी रोज बदलायचे. किसलेलं गाजर, मेथीची पानं, मासळीचा बारीक तुकडा तोंडाशी धरायचे. ते ढिम्म हलायचं नाही. खाली विक्री जराशी मंदावली तरी त्याचं खापर माझ्यावर फुटत होतं. खरं सांगते, मला धास्ती वाटायची.

एका सकाळी त्याचा एक डोळा उघडा दिसला. दोन दिवसांनी दुसरा उघडला. मंग एकदा मी गाजर धरलं, तर त्याने माझ्या बोटासकट पकडलं! मी गच्चीवरून एवढ्यांदा ओरडले, की सासरे गुडघे धरत वर आले. कासव मान ताणून दगडावर ऊन खात होतं. त्यांची चाहूल लागताच धप्पकन पाण्यात.

"लईच चपळ झालं की!" एवढंच म्हणून ते बराच वेळ तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी खालून हातोड्याचे घाव ऐकू आले. मी धावत गेले, तर गवंडी तिजोरीमागची भिंत फोडत होता. शेजारचा व्यापारी डोक्याला हात लावून उभा. "अहो, दक्षिणेला खिडकी? बिलकुल चालत न्हाई! आन् तिजोरीचं काय?"

"तिजोरी सरकवा तिकडं अंधारात," सासरे म्हणाले. "तिला काय ऊन लागत न्हाई." मग इतक्या दिवसांनी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सूनबाई, काच लावायची का नुसती जाळी?"

"नुसती जाळी, मामा," मी म्हणाले. "काचेतून त्याला ऊन बराबर लागत न्हाई."

"ऐकलं का रे?" ते गवंड्यावर खेकसले. "जाळीच लाव. आन् खिडकी अजून मोठी कर."