तपशील सोबत जोडलेली व्यक्ती

संसदेच्या प्रश्नोत्तरांत साध्या माणसाचं नाव छापत नाहीत. नाव-पत्ता वेगळा पाठवायचा आणि प्रश्नात लिहायचं, 'तपशील सोबत जोडलेली व्यक्ती'. कोणाची खासगी गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये म्हणून ही काळजी. माजेला मॅकगोल्ड्रिकच्या बाबतीत ती अगदीच फुकट गेली, कारण आमच्या ड्रमगोला गावात तिची कुठलीच गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. पहिला प्रश्न छापून आला त्या आठवड्यात ती पबमध्ये चुलत बहिणीला भेटायला गेली, तर बारपाशी बसलेल्या एकाने ग्लास उंचावून तिचं स्वागत केलं, की या, तपशील सोबत जोडलेल्या बाई. तिने लगेच सुनावलं, की तपशील हवे असतील तर घरी बायकोला विचार, तिचे केस मीच कापते.

केस ती खरंच साऱ्या गावाचे कापायची. घराची पुढची खोली, एक खुर्ची, एक आरसा, बाहेर पाटी नाही. हातातली कात्री आणि तोंडाचा पट्टा एकदमच चालू व्हायचे. मी फेलिम गिलहूली या आमच्या खासदाराच्या कार्यालयात काम करते. हे कार्यालय म्हणजे बंद पडलेल्या बेकरीची पुढची बाजू. म्हणजे माजेलाकडे गावातल्या भानगडी यायच्या आणि माझ्याकडे त्यांची गाऱ्हाणी. स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन मात्र ती कधी आली नव्हती.

तिचा नवरा जार्लाथ जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. त्याचं बोलणं इतकं भरभर चाले, की नवख्या माणसाला वासरू आपण घेतलं की शेजाऱ्याने, हे कळायच्या आत हातोडी पडलेली असे. त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि ती सगळी वाचाही गेली. फक्त एक शब्द राहिला, 'मजेत'. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. जो शब्द जन्मभर जिभेवर घासलेला असतो, तो तेवढा टिकतो.

आमच्याकडे हाच शब्द टिकणार, दुसरा कुठला? कोणी कसं काय विचारलं, की आमचं उत्तर ठरलेलं. पाय मोडलेला असो, गाय मेलेली असो, वादळात छप्पर उडून शेजारच्या शेतात पडलेलं असो, विचारणाऱ्याला 'मजेत' म्हणायचं आणि हवेबद्दल बोलायला लागायचं. त्याहून जास्त काही बोललं तर माणूस रडगाणं गातो असं होतं, आणि रडगाणं गाणाऱ्याच्या वाटेला आमच्यात कोणी फिरकत नाही. जार्लाथ चहाला मजेत म्हणे, उलटी झाली की मजेत म्हणे. सूर वेगळा असायचा, आणि तो सूर फक्त माजेलाला कळायचा.

सुरुवातीला सरकारतर्फे मदतनीस बाई सकाळ-संध्याकाळ येत होती. त्याला उठवायचं, अंघोळ, कपडे, परत निजवायचं. जार्लाथ चांगला धिप्पाड, माजेला त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी. दोघींनी मिळून ते जमत होतं. मग एके दिवशी आरोग्य खात्याची बाई पाहणीला येऊन गेली, आणि थोड्याच दिवसांत संध्याकाळची मदत बंद झाली. मग सकाळचीही आठवड्यातून दोनदाच राहिली. माजेलाच्या पाठीने तेव्हाच दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं, की असंच उचलत राहिलीस तर तूही अंथरूण धरशील, आणि मग जार्लाथला डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवण्यावाचून मार्ग नाही. तिथे जागा होती. तिथल्या खर्चाचा मोठा वाटा द्यायला सरकार एका पायावर तयार होतं. माणूस घराबाहेर काढायला पैसे आहेत, घरात ठेवायला दोन हात नाहीत, हे गणित मला आजही कोणी समजावून देऊ शकलेलं नाही.

तेव्हा कुठे ती कार्यालयात आली. तेही मला म्हणाली, की इकडून जातच होते, म्हटलं डोकावावं. हातात काहीही खरेदी नव्हती.

फेलिम म्हणाला, संसदेत विचारू. हे त्याचं सगळ्यावरचं औषध आहे. रस्त्यात खड्डा पडला, शाळेची बस चुकली, कोणाचं पेन्शन अडलं, की फेलिम संसदेत विचारतो. म्हणजे मी टाइप करते. तपशील सोबत जोडलेल्या व्यक्तीची घरगुती मदत का कमी केली, ती पूर्ववत केव्हा होईल, आणि याबाबत मंत्री निवेदन करतील काय. हे शेवटचं शेपूट प्रत्येक प्रश्नाला लावायचंच असतं. गावातल्या वर्तमानपत्रात दुसऱ्या आठवड्यात फेलिमचा हसरा फोटो आला, 'गिलहूली यांनी संसदेत आवाज उठवला'. आवाज कुठला आलाय? लेखी प्रश्न होता. उठवला असेल तर तो माझ्या कीबोर्डने.

उत्तर आलं ते वाचून दाखवायला मी माजेलाच्या दुकानात गेले. खुर्चीत कोणी नव्हतं म्हणून तिने मलाच बसवलं आणि केस विंचरायला घेतले. मी वाचत होते. सरकारने यंदा घरगुती मदतीसाठी विक्रमी तरतूद केली आहे, वगैरे वगैरे. आणि मग हे वाक्य आलं: 'पाहणीच्या वेळी सर्व काही व्यवस्थित चालले असल्याचे संबंधित कुटुंबाने स्वतःच सांगितले असून, उपलब्ध मनुष्यबळ अधिक गरजूंकडे वळवण्यात आले आहे.'

फणी थांबली. मी आरशात बघितलं, तर तिचा चेहरा लालबुंद झालेला.

"मी? मी असं सांगितलं?"

मग तिला आठवलं. ती बाई दारात आली, छत्री झटकली आणि विचारलं, कसं काय चाललंय. माजेला म्हणाली, मजेत. मग तिने जार्लाथकडे वळून तेच विचारलं. तोही म्हणाला, मजेत. बाईने लिहून घेतलं.

"मजेत म्हणजे काय मजेत असतं का गं, नोरीन?" ती म्हणाली. "हा मंत्री आहे तरी कुठल्या देशातला?"

मंत्री आमच्याच देशातला, आमच्याच बाजूच्या परगण्यातला, आणि त्याची आई मरणाच्या दारात असताना त्यालाही कोणी विचारलं असतं तर तो मजेतच म्हणाला असता. राग मला ह्याचाच आला. कोणी खोटं बोललं नव्हतं. सगळे जसे वागतात तसेच वागले होते, आणि त्या वागण्याचं आता सरकारी उत्तर झालं होतं, छापील आणि कायमचं. माजेलाने माझे केस जरा जास्तच ओढून विंचरले.

फेर-पाहणीचा अर्ज केला. बऱ्याच दिवसांनी तारीख मिळाली. साऱ्या गावाने माजेलाला पढवायला घेतलं. जो भेटेल तो विचारी, कशी आहेस माजेला, आणि तिने वाईट म्हणून दाखवायचं. तिला ते जमेना. वाईट म्हणताना ती हसायची, किंवा तोंड फिरवायची. पबमधला तो ग्लासवाला म्हणाला, ही बाई अख्ख्या परगण्याबद्दल वाईट बोलू शकते, स्वतःबद्दल मात्र तिच्या तोंडून एक शब्द निघत नाही.

त्या दिवशी तिने मला सोबतीला बोलावलं. टेबलाखालून पाय मारायचं काम माझ्याकडे होतं. मी गेले तर घर असं लखलखीत, की सणाला नसेल. ताजा ब्राउन ब्रेड, घरचा जॅम, लग्नातले कपबशीचे सेट काढलेले. जार्लाथला इस्त्रीचा शर्ट घातलेला, तिने स्वतःचेही केस सेट केलेले. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अगं, हे बघून कोण म्हणेल इथे मदत पाहिजे म्हणून? तर ती माझ्यावरच उखडली. परक्या बाईला काय घाणीत बसवू?

पाहणीला या वेळी दुसरीच बाई आली. इमेल्डा तिचं नाव, स्वभावाने चांगली, थकलेली. त्या दिवशी तिची आणखी बरीच घरं व्हायची होती.

"कशा आहात, माजेला?"

"मजेत. तुम्ही?"

"मजेत."

मी टेबलाखालून लाथ मारली. माजेलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चूक केली होती. पुढचे प्रश्नही तसेच गेले. झोप लागते का? लागते तशी. उचलताना त्रास होतो? सवय झाली आता. जॅम आणखी घ्या ना. मला राहवेना. मी मधे तोंड घातलं, तर इमेल्डा सौम्यपणे म्हणाली, की मला कुटुंबाकडूनच ऐकावं लागतं. माजेला तिच्या कपात चहा ओतत राहिली. माझ्या मनात आलं, घेऊन जा बाई त्या जार्लाथला डोंगरापलीकडे आणि संपवा एकदाचं. इतकी मी वैतागले होते.

इमेल्डा जार्लाथकडे वळली. "आणि तुम्ही कसे आहात?"

"मजेत," तो म्हणाला.

मग त्याने डावा हात उचलून टेबलावर आपटला. "मजेत." पुन्हा आपटला. एक कप उलटला, खाली पडून फुटला. माजेला तुकडे उचलायला वाकली आणि तशीच अडकली. टेबलाची कड धरून, अर्धी वाकलेली, तिला ना खाली बसता येईना ना वर उठता येईना. आणि तरी ती आम्हाला सांगत होती, काही नाही, काही नाही, आलेच. जार्लाथ तिच्याकडे बोट दाखवत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ओरडत होता, मजेत, मजेत, मजेत, बाजारात शेवटची बोली पुकारताना ओरडायचा तशा सुरात. त्याला दुसरं काय म्हणायचं होतं, ते त्या खोलीत तिघींनाही कळलं.

इमेल्डाने पेन खाली ठेवलं. आम्ही दोघींनी मिळून माजेलाला खुर्चीत बसवलं. मग इमेल्डा स्वतः गुडघ्यांवर बसली आणि एकेक तुकडा वेचला. पुढे तिने एकही प्रश्न विचारला नाही. जाताना दारात ती मला म्हणाली, की काय लिहायचं ते मला कळलं आहे.

तिने चांगलं लिहिलं, हे कबूल करायला हवं. मदत पूर्वीपेक्षाही जास्त मंजूर झाली, सकाळ, संध्याकाळ, रविवारसकट. मी पळत जाऊन माजेलाला सांगितलं. तिने जार्लाथच्या गालाचा मुका घेतला आणि त्याच संध्याकाळी येणाऱ्या मदतनीस बाईसाठी चहाचं आधण ठेवलं.

बाई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर कळलं, मदत मंजूर आहे, माणूस नाही. आमच्या भागात हे काम करायला कोणी मिळत नाही, मिळालं की कळवू. मी पुन्हा प्रश्न टाइप केला. उत्तर आलं, की संबंधित व्यक्तीला संपूर्ण मदत मंजूर करण्यात आली आहे हे सांगण्यास आनंद होत आहे. फेलिमने ते उत्तर आपल्या पत्रकात छापून घरोघर वाटलं. एक माजेलाच्याही दारातून आत टाकलं गेलं. मी त्याला म्हटलं, तिथे कोणी गेलेलंच नाही अजून. तो म्हणाला, पण मंजूर तर झालं ना, तिथवर आणणं आपलं काम. मी उठून बाहेर गेले, नाहीतर माझ्या तोंडून भलतंच निघालं असतं.

त्यानंतरच्या सोमवारी माजेलाचा फोन आला. वृद्धाश्रमातली जागा ठेवायची की सोडायची, हे तिला शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. मी सवयीने विचारलं, कशी आहेस?

मागे जार्लाथचा आवाज येत होता, हळू, मजेत, मजेत.

"वाईट," ती म्हणाली. "वाईट चाललंय, नोरीन. मला तो उचलवत नाही. आणि मला त्याला तिकडे पाठवायचं नाही. लिहून घे. आणि ते तपशील-बिपशील नको जोडूस. नाव घाल माझं."

मी लिहिलं, जसं ती बोलली तसं. ड्रमगोलाच्या माजेला मॅकगोल्ड्रिक यांचं वाईट चाललं आहे, हे मंत्र्यांना ठाऊक आहे काय. मंजूर केलेली मदत घेऊन त्यांच्या दारात कोण आणि केव्हा येणार आहे. शेवटी शेपूटही लावलं. फेलिमने वाचलं आणि म्हणाला, संसदेत असं लिहीत नाहीत, 'वाईट' हा काही कामकाजाचा शब्द नाही. मी म्हटलं, मग तू जा तिच्याकडे आणि तिला समजावून सांग. तो खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, पाठव.

शुक्रवारी माजेलाने वृद्धाश्रमाला नाही म्हणून कळवलं. तेव्हापासून जार्लाथला उचलायला पबमधला तो ग्लासवाला सकाळी येतो, आणि संध्याकाळी मी जाते. सरकारी बाई अजून आलेली नाही.

प्रश्न छापून आला. मी आधी तिचं नावच शोधलं. नाव गाळलेलं होतं, त्या जागी नेहमीचीच तपशील सोबत जोडलेली व्यक्ती होती. 'वाईट' मात्र तसंच होतं.