वरवंट्याचा तास

मायाप्पानं चंद्रावरचा दगड घरात दडवलाय, अशी कंडी शेजारच्या बजाबाईंनी पिकवली. चार घरं ओलांडेपर्यंत तो दगड अंधारात उजळायलाही लागला होता! खरं एवढंच, की तो मायाप्पाच्या बायकोचा, गोजाबाईंचा वरवंटा. इथल्याच काळ्या दगडाचा, मिक्सर आल्यापासून बेकार. नवऱ्यानं तो पिशवीत घातला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "शाळंत पोरास्नी चटणी वाटून घालताय व्हय?"

मायाप्पा मैंदर्गीकडच्या माळावर मेंढरांमागं वाढला आणि सोलापुरात शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर झाला. एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, रद्दीत निघालेली विज्ञानाची मासिकं वाचली. वर्गासमोर तोंड उघडलं ते "सर, घंटा झाली" म्हणायला. निवृत्त होताना शाल-नारळ नको म्हणाला. एक तास मागितला. विषय, चंद्राच्या दगडात चुंबकत्व आलं कुठून! ऐकून विज्ञानाच्या हिंदुराव सरांच्या बशीत चहा सांडला. "मायाप्पा, चंद्राला चुंबकत्व नाही. पुस्तक बघ."

तरी तास मिळाला. तो फसला असता तर एकतीस वर्षांवर 'येडा मायाप्पा' एवढंच नाव उरलं असतं.

टेबलावर त्यानं होकायंत्र ठेवलं, वरवंटा जवळ नेला. सुई ढिम्म. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मायाप्पाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग आठवलं, हे नवं टेबल आपणच उचलून आत आणलंय; वर सनमायका, खाली लोखंडी पत्रा! त्यानं लाकडी स्टूल ओढलं, पुन्हा मांडामांड केली. सुई जराशी सरकली. वरवंटा उलटा फिरवला, तर दुसरीकडं सरकली.

"ह्यो दगड आदी उकळता लाव्हारस हुता," तो म्हणाला. "निवताना धरतीच्या चुंबकाची खूण धरून बसला. चंद्राचं दगड बी तसंच. आज चंद्राच्या पोटात चुंबक न्हाय, पर दगडात खूण हाय."

हिंदुराव सरांना राहवेना. "मग ती खूण उमटवली कुणी? ठरलंय का?"

"न्हाय की सर. कोन म्हन्तंय, पोटात पातळ लोखंड घुसळत हुतं. कोन म्हन्तंय, वरनं मोठालं धोंडं आदळलं, त्येच्या दणक्यानं. वाद चालूच हाय."

"न ठरलेलं मग शिकवतोस कशाला?"

"ठरलेलं तुमी शिकवताच की."