१८० नावाची फाईल

चौधरीभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर कळवलं. "आदल्या दिवशी पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसले होते. जोडायचा राहिलाच," ती म्हणाली, आणि रडता रडता आम्ही दोघंही हसलो... त्याला आता महिना झाला.

नव्वदच्या दशकात सिल्वासाच्या एका प्लास्टिक कारखान्यात मी नाशिकहून इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा भाऊ तिथले इलेक्ट्रिशियन. मूळचे जळगावकडचे, राहायला आमलीत. कॉम्प्युटर स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. त्याला द्यायचे हुकूम ओळीनं लिहून बॅच फाईल करायची त्यांना भारी हौस. "डिग्रीवाले, जरा नजर टाका," म्हणत कागद पुढे सरकवायचे, आणि मी ऐटीत सही ठोकायचो.

अशीच एक फाईल होती. मशीनचं तेल फार तापलं की स्क्रीनवर ओळ यायची होती : ‘टेम्परेचर > 180 मशीन बंद करो’. एका दुपारी तेल तापलं, मशीन जळालं. ऑपरेटर रमण शपथेवर सांगत होता, स्क्रीनवर काहीच आलं नाही. मॅनेजर म्हणाले, "झोपला असशील. उद्यापासून येऊ नकोस." रमण खानवेलचा, घरात कमावणारा एकटाच.

भाऊ तासभर कॉम्प्युटर उचकत बसले, तेव्हा त्यांना ‘180’ नावाची एक फाईल सापडली. ‘>’ म्हणजे आमच्या लेखी ‘पेक्षा जास्त’. कॉम्प्युटरच्या लेखी ‘मजकूर पुढच्या नावाच्या फाईलमध्ये टाक’. इशारा इमानेइतबारे तिथे जाऊन बसला होता! ओळीला अवतरणचिन्हं घालायला हवी होती, ती राहिली.

भाऊ तडक मॅनेजरपुढे गेले. घाबरले की ते अहिराणीवर यायचे. "साहेब, चूक मनी शे. रमणनी नही."

रमणची नोकरी वाचली. भाऊंना सगळ्यांदेखत बोलणी बसली. तपासल्याची सही माझी होती, आणि मी शेजारी गप्प उभा होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे भाऊंनी नियमच केला : नवी ओळ लिहिली की ऑपरेटरला स्क्रीनसमोर बसवून मोठ्यानं वाचायला लावायचं. परवा कारखान्यात गेलो, तर सुपरवायझर झालेला रमण तेच करत होता. मी त्याला एकदाचं सगळं सांगून टाकलं.

तो हसला. "खबर छे, साहेब. तेव्हापासून माहीत आहे. भाऊंना बोलणी बसली तेव्हा तुमच्या सहीचा कागद घेऊन मी मॅनेजरकडे निघालेलो. भाऊंनीच हात धरला. बोलले, पोरगा नवा आहे, जाऊ दे."