ठकूची खुशाली

हे मी बायकोपाशीही कधी बोललो नाही, आणि तिच्यापासून माझं दुसरं काही लपलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मधेच थांबलो तर थांबू द्या.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जालन्यातल्या चार वकील-व्यापाऱ्यांनी मिळून गावाबाहेर महारोग्यांसाठी पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. खेड्यांतून बाहेर काढलेली माणसं तहसिलीतून आमच्याकडे पाठवली जायची. मी तरुण होतो, आणि त्यांच्या घरी जाऊन यायचं काम माझ्याकडे होतं. इकडची खुशाली तिकडे, तिकडची इकडे. लोक मला समाजसेवक म्हणायचे. मला ते फार आवडायचं — आता खोटं कशाला बोलू?

गिरजा बदनापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नवरा वारलेला. बोटं झडू लागली तेव्हा दिराने तिला आमच्याकडे आणून सोडलं आणि तिची लहानगी ठकू स्वतःकडे ठेवून घेतली. दीर काही वाईट माणूस नव्हता. मी महिन्यातून एकदा तिकडे जायचो, आणि परत येईपर्यंत गिरजा फाटकाशी बसून असायची. ठकू काय खाते, कुणाबरोबर खेळते, एवढंच तिला हवं असायचं. लुगडं मागितलं नाही कधी, औषधही नाही.

एका उन्हाळ्यात गेलो, तर दाराला कडुलिंबाचे डहाळे लावलेले. घरात देवी आल्या होत्या. अशा घरात परक्याने पाऊल टाकायचं नाही, मोठ्याने हाकही मारायची नाही, ही आमच्याकडची रीत. रीत पाळली, त्यात काही चुकलं नाही. पण शेजारी विचारता आलं नसतं का — कुणाला आल्यात म्हणून? चावडीवर कुणी सांगितलं नसतं? ऊन रणरणत होतं, परतीची गाडी चुकली असती. मी तसाच मागे फिरलो.

फाटकाशी गिरजा होतीच. मी म्हणालो, ठकू मजेत आहे, अंगणात खेळत होती.

पुढच्या खेपेला दिराने मला बांधावरच गाठलं. देवी ठकूलाच आल्या होत्या, त्यातच ती गेली. मी दारावरून परतलो त्यानंतरही पोर बरेच दिवस होती, आणि तापात माय माय करत होती. तो म्हणाला, "वहिनीला तुमीच सांगा. माझ्यानं व्हनार न्हाई."

जालना तिथून किती लांब? गिरजा रांगत निघाली असती तरी पोचली असती. तिला आत घेतलं नसतं कुणी — पण भिंतीबाहेरून लेकीला हाक तरी मारली असती ना? ती हाक मी मारू दिली नाही.

आणि आता सांगायचं कसं? अंगणात खेळताना मी पाहिली होती ना तिला? तिचं काळीज फाटेल म्हणून मी गप्प बसलो, असं पुष्कळ दिवस स्वतःला पटवलं. तसं नव्हतं. मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

मग मी ठकूला वाढवायला लागलो. महिन्याच्या महिन्याला बदनापूरला उतरायचो, स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली बसायचो आणि काय सांगायचं ते जुळवायचो. केस लांब झालेत, चुलती वेणी घालते. भाकरी थापायला शिकली. एकदा म्हणालो, मेथीची भाजी मिटक्या मारत खात होती. गिरजा हसली, म्हणाली की पोर मेथीला कधी शिवत नव्हती. मी सारवासारव करायला शब्द शोधू लागलो. तेवढ्यात तीच आपणहून म्हणाली, मोठी झाली आता, चव बदलली असंल. ती इतकी खूश होती की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

अशी काही वर्षं गेली. एके दिवशी मी बोलायला तोंड उघडलं, तोच तिने झडलेल्या बोटांचा हात वर करून मला थांबवलं.

"दादा, आता ठकूसाठी स्थळं येतीन. आसल्या मायची पोर कोन करून घेनार? तिला सांगा, माय मेली. आन तुमी बी आता तिकडं जाऊ नगा."

तेव्हा बोलायला हवं होतं. ती एका नसलेल्या पोरीसाठी जिवंतपणी मरायला निघाली होती. मी "बरं" म्हणालो. आणि मला — हेच ते, जे कधी कुणाला सांगितलं नाही — मला हलकं वाटलं. सुटलो, असं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

त्यानंतर मी दिसलो की गिरजा उठून खोलीत जायची. विचारायचा मोह होऊ नये म्हणून. पुढची सगळी वर्षं तिने ठकूचं नाव काढलं नाही.

शेवटी तिने मला बोलावून घेतलं. बोलताना धाप लागत होती. आपण गेल्याचं ठकूच्या घरी कळवू नका म्हणाली, तिच्या संसारात आता विघ्न नको.

मी म्हणालो, नाही कळवणार. इतक्या वर्षांत तिच्याशी एवढंच खरं बोललो.