मोकळ्या जागेवरची माझी सही

आई गेल्यावर वर्षभरात आबांनी मेंढरं विकून टाकली. एकट्यानं कळप सांभाळणं होईना. धारूरच्या डोंगरात सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात घालवलेल्या माझ्या वडिलांना मी बीडला घेऊन आलो. मी इथं एका शाळेत गणित शिकवतो. कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आमचं तीन खोल्यांचं घर आहे.

पहिले दोन महिने आबा जिन्यातच बसून राहायचे. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. "छातीवर दगड ठिवल्यावानी व्हतंय," म्हणायचे. घाबरून मी त्यांना दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, कशातच काही निघालं नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, "हे दिवसभर करतात काय?"

"काही नाही. बसून असतात."

"मग गोळी कशाची देऊ? घराबाहेर काढा त्यांना."

आमच्या इमारतीच्या मागं कॉलनीची मोकळी जागा होती. सगळे तिला ओपन स्पेस म्हणत. चार कडुनिंब, एक मोठा करंज, बाकी गवत आणि लोकांनी टाकलेला कचरा. दुसऱ्या दिवशी मी आबांना तिथं नेऊन बसवलं आणि शाळेत गेलो. संध्याकाळी आलो तर निम्मा कचरा एका कोपऱ्यात गोळा झालेला होता आणि आबा करंजाच्या बुडाशी आरामात पाय पसरून बसले होते. त्या रात्री दीड भाकरी खाल्ली.

पुढं ती जागा त्यांचीच झाली. दगड आणून त्यांनी बुंध्याभोवती बसायला ओटा रचला. खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहत. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. नवरा गेल्यापासून त्यांनी दार उघडं ठेवणंच बंद केलं होतं. आबांना बघून त्याही दुपारी स्वेटर विणायला तिथं येऊ लागल्या. मग आणखी दोघीचौघी. माझी बायको शिवण घेऊन जायची. एकदा मला म्हणाली, "मामा तिथं हसत होते हो. लग्नापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं."

अशी दोन वर्षं गेली.

मग एका पावसाळ्यात गवतात साप निघाला. कॉलनीची बैठक भरली. गवत काढायचं सोडून बोलणं भलतीकडंच गेलं. गाड्या लावायला जागा नाही, पानांचा कचरा होतो, सगळं सपाट करून सिमेंटचे गट्टू बसवावेत, मधे कार्यक्रमासाठी पत्र्याचं शेड टाकावं. कागद फिरला. मी सही केली. तिसरी की चौथी असेल. नुकतीच मी गाडी घेतली होती आणि ती रस्त्यावर उभी राहायची. शेडखाली आबांना बसता येईल, अशी मी मनाची समजूत घातली.

सिस्टरांनी सही केली नाही. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "सर, तुम्ही पण? तुमचे वडील दिवसभर तिथं असतात."

"सगळ्यांचं तेच म्हणणं आहे, सिस्टर."

"मी तुमचं विचारतेय."

मला शाळेला उशीर होत होता. मी खाली उतरून गेलो.

यानंतर मी जे केलं, ते सहीपेक्षा वाईट होतं. झाडं तोडायला माणसं येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी मी आबांना नेकनूरला धाकट्या बहिणीकडं नेऊन सोडलं. "पोरीनं बोलावलंय, चार दिवस राहा," म्हणालो. बहिणीनं बोलावलं नव्हतं. आबा खुशीत गेले.

परत आणलं तेव्हा गाडीतून उतरून ते सवयीनं मागच्या बाजूला गेले. मी पिशवी घेऊन मागोमाग गेलो. बुंधेसुद्धा खणून काढले होते. खडी पसरली होती. आबा करंजाच्या जागी जाऊन उभे राहिले.

"कुनी तोडली?"

"कॉलनीनं."

"कॉलनी म्हंजी कोन?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ते पुन्हा काही विचारतील म्हणून थांबलो. ते जिन्याकडं वळले.

गट्टू बसले, शेड झालं, माझ्या गाडीला खुणेची जागा मिळाली. उन्हाळा लागला तशी शेडखाली भट्टी पेटल्यासारखी आच येऊ लागली. रात्री जेवणं झाली तरी गट्टूंवर अनवाणी पाय ठेववत नसे. बायकांचं खाली येणं थांबलं. सिस्टरांचं दार पुन्हा बंद झालं. आबा जिन्यात बसू लागले, पण आता तिथंही टिकेनात. उठून चालायला लागत. एकदा स्टँडजवळ सापडले, एकदा नदीच्या पुलावर. वय झालं, डोकं फिरायला लागलं, असं शेजारी सांगू लागले आणि मलाही ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं. बायकोनं माझा फोन नंबर लिहून चिठ्ठी त्यांच्या बंडीच्या खिशात घातली.

मे महिन्यात एके दिवशी सकाळी आबा घरात नव्हते. मी गाडी घेऊन सगळं गाव पालथं घातलं. दुपारी फोन आला. "तुमचा म्हातारा हितं मांजरसुंब्याला हाय. माझ्या धाब्यावर. पायाला लई फोड आल्यात, लौकर या."

घाट चढून मी कसा पोचलो ते माझं मला माहीत. धाब्याच्या मागं चिंचेखाली खाट टाकून धाबेवाल्यानं आबांना झोपवलं होतं. पायाला ओलं फडकं गुंडाळलं होतं. मला बघून ते उठून बसले.

"आबा, वळखलं का मला?" मी विचारलं.

"कावून? तुला वळखायला काय झालं?"

"कुठं निघालतात?"

"कुठं न्हाई. बसायला झाड बघत निघालतो. सडक रुंद केल्याली, कडंला झाडच ठिवलं न्हाई. मंग जरा फुडं, मंग आजून फुडं. असं करत हितवर आलो."

त्यांचं डोकं शाबूत होतं. ते कधीच फिरलं नव्हतं. मी खाटेच्या कडेला बसलो. धाबेवाला चहा ठेवून गेला, तेव्हा मी म्हणालो, "आबा, झाडं तोडायच्या कागदावर माझीबी सही हाय. आन् तोडताना तुमाला दिसू नये म्हणून नेकनूरला नेलतं."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "कावून केलं?"

"गाडी लावायला."

समोर धाब्याच्या अंगणात, उन्हात, ती गाडी उभी होती. आबांनी तिच्याकडं पाहिलं, मग पायाच्या फडक्याकडं. म्हणाले, "बरं. धर मला. न्हे गाडीपशी."

वाटेत ते खिडकीतून सडकेच्या मोकळ्या कडा बघत राहिले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. भिंतीकडेचे गट्टू काढून झाडं लावू या, म्हणालो. मागून एक शेजारी हसला. "सर, कागदावर सही तुमचीच आहे ना?" खरंच होतं. शेवटी, ज्याला करायचं त्यानं स्वतःच्या जागेत करावं, असं ठरलं. मी माझ्या गाडीच्या जागेतले गट्टू उखडले. सिस्टर हातात खुरपं घेऊन आल्या. आम्ही दोघांनी करंजाचं रोप लावलं. नळाला पाणी आठवड्यानं येतं, म्हणून धुणंभांड्याचं पाणी बादलीनं खाली नेऊन घातलं.

आबांनी वरून, खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी म्हणाले, "रोप चांगलं हाय. पर ह्याची सावली माझ्या कामाची न्हाई. मला पोरीकडं न्हेऊन सोड."

या वेळी बहिणीला खरंच विचारलं. तेव्हापासून आबा नेकनूरला आहेत. तिच्या रानात बांधावर कडुनिंबाची झाडं आहेत. रविवारी मी जातो. तब्येत बरी आहे, जेवण चांगलं आहे. माझ्याशी ते पाऊसपाण्याचं बोलतात, नातवंडांच्या शाळेचं बोलतात. त्यापलीकडं जात नाहीत. मीही जात नाही. निघताना मी पाया पडतो, तेव्हा ते पाठीवर हात ठेवतात, पण पूर्वीसारखा दाबत नाहीत.

सिस्टरांना मागच्या वर्षी पडून मार लागला. मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. फ्लॅटला कुलूप आहे. यंदाच्या उन्हाळ्यात शेडमधे एकच कार्यक्रम झाला, तोही लोकांनी उकाड्यानं अर्ध्यात आटोपला. मला आता रक्तदाबाची गोळी सुरू आहे, आणि डॉक्टर रोज चालायला जा म्हणतात. कमरेएवढ्या झालेल्या करंजाला वळसा घालत मी गट्टूंवरून गोल गोल चालतो. बैठकीत हसलेला तोच शेजारी परवा माझ्याबरोबर दोन फेऱ्या चालला, घाम पुसत थांबला आणि म्हणाला, "सर, तुमचे वडील होते तेव्हा इथं बरं वाटायचं, नाही?"

मी हो म्हणालो. अजून तीन फेऱ्या राहिल्या होत्या.