भिकनभाऊंचा पहिला प्रश्न

साक्रीहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात माझ्याच नावाच्या फ्रेमखाली बसलो होतो. भिकनभाऊंचा धाकटा भाऊ बोलत होता. "दादा गया," एवढंच म्हणाला आणि लाइन कटली. काविळीनं गेले. त्यांना परीक्षेनं मारलं असं लिहिलं असतं तर पत्रक जोरदार झालं असतं; मी तशीच पत्रकं लिहीत आलोय. पण ते पूर्ण खरं नाही, आणि भिकनभाऊंबद्दल अर्धवट खरं लिहायचा हक्क मी गमावून बसलोय... कसा, ते सांगतो.

जळगावातलं आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस; मी तिथला कारकून, कामगारांसाठी पत्रकं-मोर्चे काढणारा. सावद्याच्या केळीचे ट्रक उत्तरेला जातात, त्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, सहा कॉम्प्युटरवर निघतात. सहाही एकाच काळ्या वायरनं ओळीत जोडलेले. मध्ये एक जोड सुटला की सगळं नेटवर्क बंद, आणि बाहेर उभ्या ट्रकांत केळी पिकायला लागतात. ही वायर टाकली भिकनभाऊंनी आणि सांभाळलीही त्यांनीच, रोजंदारीवर. साक्रीला रेडिओ दुरुस्त करत शिकलेला माणूस, नववी नापास, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचणारा. नेटवर्क बंद पडलं की ते स्क्रीनकडे बघायचेसुद्धा नाहीत. उठता उठता आधी विचारायचे, "आज झाडू कोनी मारा?" आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या सुमनअक्का कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "मीच मारा. उद्यापासून तू मारशी का?" भिकनभाऊ हसत टेबलाखाली शिरायचे. झाडताना टेबल सरकतं, टेबल सरकलं की मागचा जोड ढिला होतो... दोन मिनिटांत बिल्ट्या सुरू.

मग या कामाची कायम जागा निघाली. अट एकच, नेटवर्किंगची लेखी परीक्षा पास हवी. भिकनभाऊ दोनदा एसटीनं पुण्याच्या सेंटरला जाऊन आले, दोन्हीदा नापास. दुसऱ्या वेळी परतले ते ऑफिसच्या पायरीवर बसून राहिले. पेपरात प्रश्न होता, नेटवर्क बंद पडलंय, सगळ्यात आधी काय कराल? खाली चार उत्तरं. ते चिडले नव्हते, चक्रावले होते. म्हणाले, "चारीमा झाडूच नही शे, रवी."

मी पेटलो. दुसऱ्या दिवशी पत्रक तयार: 'खुणा करता येणं म्हणजे काम येणं नव्हे! परीक्षा हातांची घ्या!' गठ्ठा छापून आणला, पण द्यायचा कुणाला? कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेतो तेव्हा समोर निदान फाटक असतं, अडवायला शिपाई असतो. इथं परीक्षा काढणारी कंपनी परदेशात, पेपर तपासतं मशीन, आणि सेंटरवरची बाई म्हणते, आम्ही फक्त खुर्च्या देतो. घोषणा द्यायची तर कुठल्या दिशेला तोंड करून?

तेव्हा मला अक्कल सुचली. परीक्षेचं सोंगच उघडं पाडायचं. वायरला जन्मात हात न लावलेल्या मी जुने प्रश्न मिळवले, तीन आठवडे घोकले आणि पहिल्या झटक्यात पास झालो. प्रमाणपत्र मॅनेजर साहेबांच्या टेबलावर आपटलं. "बघा! मला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी पास. आहे का काही अर्थ?"

साहेबांनी कागद नीट वाचला. "अभिनंदन. मग जागा तुम्हालाच देऊ."

"साहेब, माझा मुद्दा तुम्हाला कळला नाही!"

"कळला हो. बरोबरच आहे तुमचा मुद्दा. पण हेड ऑफिसच्या फाइलला मुद्दा लावता येत नाही, कागद लागतो."

मी प्रमाणपत्र फाडायला निघालो, तर भिकनभाऊंनी हात धरला. "फाडू नको. तू ली ले जागा. नहीतं बाहेरना कोनी यी, मग माले टेबलखाल बी जाऊ देवाव नही."

आणि मी घेतली... दीड वर्ष सही माझी, हात त्यांचे. आजारपणाची पगारी रजा असलेली खुर्ची माझी. ते रोजंदारीवरच राहिले, म्हणून पिवळ्या डोळ्यांनीही रोज कामावर येत राहिले. मी म्हणालो, भाऊ, घरी जा, झोपून राहा. "गया तं वायर कोन देखी? तू?" म्हणाले आणि मनापासून हसले. मीही हसलो. त्यानंतर आठवड्यानं ते साक्रीला गेले.

परवा नेटवर्क बंद पडलं. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले, आत सगळे माझ्याकडे, माझ्या मागच्या प्रमाणपत्राच्या फ्रेमकडे बघायला लागले. मला एकच गोष्ट येत होती, ती मी विचारली. "अक्का, आज झाडू कुणी मारला?"

सुमनअक्कांचे हात कमरेवर गेले नाहीत. "मी तठे झाडूच मारत नही, भाऊ. भिकन गया तवपासून त्या टेबलखाल हातच नही लावा."

मी गुडघ्यावर बसून खाली बघितलं. वायर जिथल्या तिथं होती, तिच्यावर धुळीचा सारखा थर. एकेक जोड दाबून बघितला... सगळे घट्ट. वरून साहेबांनी विचारलं, "सापडलं का?" भिकनभाऊंचा पहिला प्रश्न संपला होता, दुसरा मी कधी ऐकलाच नव्हता; मी वायर हातात धरून तिथंच बसून राहिलो.